गाभारा आणि हौद

श्रावणातल्या सोमवारी आपल्या घरोघरी खुलभर दुधाची कहाणी वाचली जाते. वडोदऱ्यास येऊन आपल्यापैकी कित्येक कुटुंबांच्या पाच-सहा पिढ्या उलटल्या, घरची मुले दारात गुजराथी बोलू लागली, तरी कहाणी मात्र मराठीतच ऐकावयाची हा नेम बहुतेकांनी सोडलेला नाही. राजाच्या मनात आले की महादेवाचा गाभारा दुधाने भरावा. दवंडी पिटली गेली. राजाज्ञेच्या धाकाने नगरातील प्रत्येकाने घरचे होते नव्हते तेवढे दूध देवळात नेऊन ओतले. मुलांना ठेवले नाही, वासरांना पाजले नाही. गाभारा काही भरला नाही. दुपारी एक म्हातारी आली. घरची मुलेबाळे जेवली होती, गाईवासरांना चारापाणी झाला होता, आणि मग जे उरले ते खुलभर दूध तिने देवास वाहिले. गाभारा भरून वाहू लागला.

या कहाणीवर बोलताना आपले कीर्तनकार बहुधा भाव आणि आज्ञा यांतील अंतर सांगतात. ते यथार्थच आहे. परंतु आम्हांस अलीकडे या कहाणीत एक व्यवहाराचा प्रश्नही दिसू लागला आहे. घरोघरचे दूध एके ठिकाणी आणणे हेच राजाचे चुकले काय, की ते आणण्याची रीत चुकली? आपल्या शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या आणंदास, आणि आपल्या जिल्ह्याच्या दूध संघातही, रोज दोन वेळा गावोगावचे दूध एकत्र येते. राजाने जे करू पाहिले ते तेथे नित्य घडत आहे. त्यातलेच दूध सकाळी आपल्या चहात पडते. तेव्हा हा प्रश्न परक्याच्या घरचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

जुन्या मंडळींना दूध विकणे हेच मुळी कमीपणाचे वाटे. मनुस्मृतीने ब्राह्मणास वर्ज्य ठरविलेल्या विक्रयांत दुधाची गणना आहे. इतर घरांतूनही रीत अशी होती की दूध घुसळावे, तूप करून ते विकावे अथवा सणावारासाठी ठेवावे, आणि जो भांडे घेऊन दारी येईल त्याला ताक फुकट द्यावे. ताकाचे पैसे मागणारे घर गावात हलके समजले जाई. या रूढीत औदार्य होते, यात शंका नाही. पण तिच्या पाठीशी एक साधी अडचणही होती. दूध टिकत नसे, ताकही फार काळ टिकत नसे, आणि ते विकत घेईल असा कोणी पंचक्रोशीत नसे. धर्म कोठे संपतो आणि निरुपाय कोठे सुरू होतो हे अशा ठिकाणी सांगणे कठीण असते. ज्यांना बाजार जवळ होता त्या गौळणी मथुरेची वाट चालतच होत्या. आणि गोकुळचे दहीलोणी मथुरेस जाते व गोकुळातली पोरे कोरडी राहतात म्हणून कृष्णाने ती वाट अडविली, असा अर्थ आपल्याकडे पूर्वापार सांगितला जातो. म्हणजे बाजारास जाणारे दूध आणि घरच्या पोराच्या तोंडचे दूध यांचा तंटा आजचा नव्हे.

त्या वेळच्या खेडा जिल्ह्यात हा तंटा निराळ्या रूपाने उभा राहिला. १९४५ मध्ये मुंबई सरकारने मुंबई शहरास दूध पुरविण्याची योजना हाती घेतली. खेड्यांतील दूध आणंदास जमवावयाचे, तेथे त्याचे पाश्चरीकरण करावयाचे आणि सुमारे ४२५ किलोमीटरवरील मुंबईस पाठवावयाचे. हे काम पोलसन कंपनीकडे होते. सरकारची सोय झाली, शहराची झाली, कंपनीची आणि मधल्या दलालांची झाली. म्हैस ज्याची होती त्यास मात्र कोणी काही विचारले नव्हते. शेतकरी सरदार वल्लभभाईंकडे गेले. आपली स्वतःची सहकारी संस्था काढा, सरकारने ती मानली नाही तर दूध देणे थांबवा, असा त्यांचा सल्ला होता. ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावी मोरारजीभाई देसाई यांच्या अध्यक्षतेखाली सभा भरली, तसा ठराव झाला, आणि सरकारने मागणी मान्य न केल्यामुळे पंधरा दिवस शेतकऱ्यांनी दूध घातले नाही. त्याच वर्षी १४ डिसेंबर रोजी त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली जिल्हा संघाची नोंदणी झाली. आरंभी दोन गावांच्या संस्था आणि दिवसाचे सुमारे २५० लिटर दूध एवढाच पसारा होता. पुढे १९४९ मध्ये आलेले डॉ. वर्गीस कुरियन, म्हशीच्या दुधाची भुकटी करून दाखविणारे दलाया, ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते उघडलेला कारखाना, हा इतिहास आपणांस ठाऊक आहे. त्याची उजळणी येथे नको.

त्या पंधरा दिवसांविषयी मात्र एक गोष्ट सांगावीशी वाटते. धान्य अडविणाऱ्याच्या कोठीत धान्य शिल्लक असते. दूध अडविणाऱ्याचे तसे नाही. म्हैस संप जाणत नाही. तिची धार सकाळी काढावी लागते, संध्याकाळी काढावी लागते, आणि काढलेले दूध तूप करण्यापलीकडे घरी ठेवता येत नाही. दुबळ्या माणसाच्या हाती इतके नाशवंत शस्त्र क्वचितच असते.

आणि या नाशवंतपणातच लहान शेतकऱ्याच्या पराधीनतेचे मूळ आहे. कासेतून निघालेले दूध सुमारे ३८ अंश सेल्सिअस उष्ण असते. जंतूंच्या वाढीस याहून सोयीची जागा नाही. वैशाखाच्या उन्हात ते काही तासांतच नासते. ज्याच्या दारी दोन म्हशी आहेत, त्याच्याजवळ घरखर्च वजा जाता चार-सहा लिटर उरते. तो भाव काय करणार? दारी आलेला व्यापारी जे देईल ते घ्यावयाचे, कारण तो निघून गेला तर दुपारपर्यंत माल गेला. घासाघीस ज्याला वेळ आहे त्यानेच करावी. दूध तेच, पण अशा चरवीतील दुधाचा धनी नावापुरताच असतो.

हेच दूध ४ अंशांपर्यंत थंड केले तर जंतूंची वाढ जवळजवळ थांबते आणि ते दूरच्या शहरापर्यंत सुखरूप जाते. शीतकरण केंद्र दुधात काहीच घालीत नाही. ते शेतकऱ्यास वेळ देते. पण हा वेळ एकट्यास विकत घेता येत नाही. थंड करण्याची यंत्रे, पाणी, वीज, वीज गेली तर जनित्र, दूध वाहून आणण्याची गाडी, हा सारा खर्च टाकी पाव भरली काय आणि काठोकाठ भरली काय, बहुतेक तेवढाच येतो. टाकी भरावयाची तर शेकडो घरे हवीत, आणि ती रोज हवीत. व्यापाऱ्याने दोन पैसे जास्त दिले की तिकडे आणि त्याने हात आखडता घेतला की इकडे, अशा सभासदांवर केंद्र चालत नाही. म्हणून गावात संस्था, संस्थेत ज्याला त्याला भाग, म्हशी दहा असोत वा एक, मत एकच. आणि केंद्रावर जो आधी आला त्याचे दूध आधी. ज्या गावात पाण्याच्या विहिरी वेगळ्या होत्या, त्याच गावाचे दूध एका कॅनमध्ये मिसळू लागले ही लहान गोष्ट नव्हे. तेवढ्याने विहिरी एक झाल्या असे मात्र कोणी समजू नये.

आपल्या गोपाळकाल्याची येथे आठवण होते. ज्याची जशी शिदोरी असेल तशी ती एकत्र करावयाची आणि सर्वांनी वाटून खावयाची. साम्य मोहक आहे, पण ते फार ताणता येत नाही. काल्यात कोणाची शिदोरी किती हे कोणी मोजीत नाही. दुधाच्या केंद्रावर प्रत्येकाचे माप घेतले जाते, आणि आमच्या मते संस्थेची नीती त्या मापापाशीच सुरू होते.

कारण गाभाऱ्याच्या कहाणीजोडीला हौदाचीही एक गोष्ट आहे. बादशहाने हुकूम केला की रात्री प्रत्येकाने एकेक घडा दूध हौदात ओतावे. बिरबलाने आधीच सांगितले होते, आणि तसेच झाले: सकाळी हौद पाण्याने भरलेला. प्रत्येकाने विचार केला होता की इतक्या दुधात माझा एक घडा पाणी कोणास कळणार? ही गोष्ट आपण माणसाच्या लबाडीवर हसण्यासाठी सांगतो. पण त्या रात्री घडा उचलणाऱ्याच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे. शेजारी पाणी घालणार अशी त्याची जवळजवळ खात्री आहे. आपण दूध घातले काय आणि पाणी घातले काय, दोहोंना मोल एकच. अशा वेळी जो दूध घालतो तो साधूच म्हटला पाहिजे. आणि गावात साधू किती असणार?

लिटरवर पैसे देणारी दुधाची पेढी हा असाच हौद असतो. जो निर्भेळ दूध घालतो तो रोज शेजाऱ्याच्या पाण्याचा भुर्दंड भरतो. वर्षभर असे चालले म्हणजे तोही एक दिवस तांब्याभर पाणी ओततो, आणि आपण शहरात बसून गवळ्याच्या जातीलाच नावे ठेवतो. या निंदेत सत्य असेल, पण अर्धे. रोज दंड भरून सचोटी पाळा असे सांगणारी व्यवस्था काही काळ टिकते आणि मग माणसांना बिघडविते.

यावर उपाय निघाला तो उपदेशातून निघाला नाही. लॅक्टोमीटर दुधाचा जडपणा दाखवितो. पाणी घातले की दूध हलके होते व ते कळते. पण साय काढून घेतली तर दूध उलट जड होते. म्हणजे आधी साय काढावी, मग बेताने पाणी घालावे, की लॅक्टोमीटर गप्प. चोराने यंत्राचा अभ्यास यंत्र बनविणाऱ्याइतकाच केलेला असतो. म्हणून दुधातील फॅट मोजावी लागली. गर्बर पद्धतीत नमुन्यात गंधकाम्ल मिसळून तो यंत्रात गरगर फिरविला की स्निग्धांश वेगळा होऊन नळीच्या आकड्यांवर वर येतो. म्हशीच्या दुधात तो बहुधा सहा-सात टक्के, गाईच्या दुधात साडेतीन-चार. भाव फॅटवर ठरू लागला त्या दिवसापासून पाणी घालणाऱ्याचा लाभ संपला. पाण्यास फॅट नसते. फॅट आणि इतर घनांश, दोन्ही मोजले जाऊ लागल्यावर चलाखीस आणखी थोडी जागा उरली. पुष्कळ ठिकाणी आता यंत्र हा आकडा क्षणात दाखविते आणि तो सभासदाच्या समोर उमटतो.

आमच्या दुधात नळ्या बुडविता म्हणजे आमच्यावर विश्वास नाही काय, असे आरंभी अनेक घरांना वाटले असेल. या वाटण्याचा मान राखला पाहिजे. खेड्यात अब्रू पैशाहून मोठी असते. पण देवळाची दानपेटी उघडताना दोन विश्वस्त समोर असावेत, रक्कम मोजून वहीत लिहावी व दोघांनी सही करावी, ही शिस्त आपण पाळतो आणि तीत कोणाचा अपमान मानीत नाही. अपमान एकाचेच दूध तपासण्यात आहे. अध्यक्षाचे आणि विधवेचे दूध एकाच नळीत तपासले गेले, तर दोघांचीही अब्रू सारखीच राखली जाते.

अर्थात नळी धरणारा हातही माणसाचाच असतो. सहा पूर्णांक दोनच्या जागी पाच पूर्णांक आठ लिहिले तर निरक्षर सभासदास काय कळणार? व्यापारीही मापे ठेवीतच होता. फरक एवढाच की संस्थेत माप घेणारा, ज्यांचे माप घेतो त्यांनाच जबाबदार असतो. वार्षिक सभेत त्यास जाब विचारता येतो. विचारता येतो, असे आम्ही म्हणतो. विचारला जातोच असे नव्हे. काही ठिकाणी संघाच्या अध्यक्षाची खुर्ची दुधाहून महाग झालेली असते आणि तीस वर्षे तिच्यावरून कोणी उठत नाही. सहकार हे यंत्र नव्हे, की एकदा बसविले म्हणजे चालत राहील.

आता म्हातारीकडे वळावयास हवे, कारण येथपर्यंत आम्ही फक्त मोजता येईल तेवढ्याविषयी बोललो. कास सुजली म्हणून म्हशीला इंजेक्शन दिले, तर औषधाचा अंश उतरेपर्यंत काही दिवस तिचे दूध घालू नये असा नियम आहे. गावच्या केंद्रावरील फॅटच्या यंत्रास हा अंश दिसत नाही. त्या दिवसांत जी बाई भरली चरवी बाजूला ठेवते, तिची सचोटी कोणत्याही वहीत चढत नाही, आणि तिला तो दिवसाचा तोटा भरूनही मिळत नाही. येथे हौदाची रात्र अजून संपलेली नाही.

वासराचेही असेच आहे. पुष्कळ म्हशी पारडू कासेला लागल्याखेरीज पान्हा सोडीत नाहीत. म्हणून पारडू आधी सोडावयाचे आणि पान्हा फुटला की ओढून बांधावयाचे. जुन्या घरांतून एक सड त्याच्यासाठी राखून ठेवीत. फॅटला भाव आला तसा हा सड राखणे जड जाऊ लागले. आणि पारडू नर असेल, रेडा असेल, तर त्याच्या वाट्यास काय येते हे आपणां सर्वांस कळते, म्हणून त्याविषयी आपण बोलत नाही. घरच्या मुलाचे तर काय सांगावे? केंद्रावर घातलेल्या प्रत्येक लिटरचे पैसे मिळतात, मुलाने प्यालेल्या पेल्याचे मिळत नाहीत. त्याच पैशांतून मुलाची पुस्तके येतात, औषध येते, पावसाळ्यात धान्य येते. तेव्हा सगळे दूध विकणारी आई निर्दय असते असे म्हणण्यास आम्ही धजणार नाही. पण म्हातारीने जो क्रम पाळला, आधी मूल, मग वासरू, मग देव, तो क्रम केंद्राच्या काट्यास ठाऊक नाही आणि ठाऊक होणारही नाही. तो घरातच ठरावयाचा असतो, आणि ज्या घरी दुधाचे पैसे बाईच्या हाती पडतात, जेथे सभासदत्वही तिच्या नावे असते, तेथे तो ठरविण्यास निदान ती मोकळी असते. गुजराथेत केवळ स्त्रियांच्या अशा दूध संस्था पुष्कळ आहेत. त्यांचे महत्त्व आम्हांस म्हणूनच मोठे वाटते.

तेव्हा आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देऊ. राजाचे दूध जमविणे चुकले नव्हते. दूध कोणाचे, किती आणि कशाच्या नंतरचे, हे त्याने विचारले नाही, ते चुकले. समरखाच्या सभेने दूध कोणाचे हे ठरविले; नळीने किती ते ठरविले; कशाच्या नंतरचे, हा तिसरा भाग अजून उघडाच आहे.

आणि या कहाणीत आपली जागा कोणती? आपण म्हातारी नव्हे. आपल्या घरी म्हैस नाही, शेणाची पाटी आपण उचलीत नाही. ज्याच्यासाठी दवंडी पिटली जाते तो राजाचा पक्ष आपला आहे. आपली दवंडी धाकाची नाही, भावाची आहे; पण भावही आज्ञाच असतो, विशेषतः गरिबाला. दूध लिटरमागे दोन रुपयांनी वाढले की सभामंडपात आरतीपूर्वी तोच विषय निघतो. सहकारी संघ सांगतात की गिऱ्हाइकाच्या रुपयातले ऐंशी पैसे वा अधिक उत्पादकाकडे परत जातात. हे खरे धरले तर त्या दोन रुपयांतला मोठा भाग सरकी-पेंडीत, पारडाच्या सडात आणि मुलाच्या पेल्यात जाण्याची शक्यता आहे. ज्या व्यापाऱ्याकडे दूध स्वस्त मिळते, त्याच्याकडे ते कोणाच्या वाट्यातून स्वस्त झाले, हे विचारण्याचा आपणांस कंटाळा येतो.

एक हिशेब राहिला, तो ताकाचा. पूर्वी ज्याच्या घरी दुभते नव्हते तोही शेजारी भांडे घेऊन जाई आणि ताक आणी; त्याच्या भाकरीस ते कालवण होते. दूध सकाळीच केंद्रावर जाऊ लागल्यावर घुसळणे थांबले. म्हशीच्या धन्यास ताकाऐवजी पैसे आले. शेजाऱ्यास ताकाऐवजी काही आले नाही. तो सभासद नाही, वार्षिक सभेत त्याला मत नाही, त्याने काही विकलेले नसल्यामुळे त्याचे काही बुडाले असे वहीत कोठेही दिसत नाही. संघांनी भूमिहीनांस कर्जाने म्हैस मिळवून देण्याचे प्रयत्न केले आहेत, आणि त्यांतून कित्येक घरे उभी राहिली. तरी म्हैस बांधण्यास दोन हात जागा आणि चारण्यास बांधाचे गवत लागते, तेही ज्यांच्याजवळ नाही असे लोक गावोगाव आहेत. खेडा-आणंदकडील काही गावांत संस्था आपल्या नफ्यातून शाळेस, दवाखान्यास, रस्त्यास पैसे देतात, आणि त्या शाळेत ताक नेणाऱ्याचाही मुलगा बसतो. हे ताकाची भरपाई करण्याइतके आहे किंवा नाही, हे त्या मुलाच्या आईस विचारावे लागेल.